स्वस्त गांडूळ, महाग गांडूळ : बॅस माशासाठी प्लॅस्टिकचे आमिष निवडताना

अमेरिकेतील क्रीडासाहित्याच्या एखाद्या मोठ्या दुकानात मासेमारीच्या विभागात शिरले, की एक अख्खी भिंत प्लॅस्टिकच्या गांडुळांनी भरलेली दिसते. हिरवी, काळी, जांभळी, कलिंगडाच्या सालीच्या रंगाची, चमकी पेरलेली, मिठाने खरखरीत झालेली, लसणाचा उग्र वास मारणारी. एका पाकिटाची किंमत चार-पाच डॉलर, तर शेजारच्या पाकिटाची आठ-नऊ डॉलर. नवख्या डोळ्यांना दोन्हींतील गांडुळे सारखीच दिसतात. मग स्वस्त पाकीट उचलावे की महाग, या प्रश्नाचे उत्तर किमतीच्या चिठ्ठीवर सापडत नाही. ते पाकिटातील गांडुळांची संख्या, त्यांचा मऊपणा, त्यांतील मीठ आणि मुख्य म्हणजे एक गांडूळ किती मासे सोसते, यात दडलेले असते.

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अमेरिकेत १६ वर्षे व त्यावरील वयाचे सुमारे ४ कोटी लोक हौसेने मासेमारी करतात आणि गोड्या पाण्यात त्यांचा सर्वांत लाडका मासा म्हणजे बॅस. या खेळाचे एक टोक अतिशय खर्चिक आहे. खास बॅससाठी बांधलेल्या वेगवान होड्या, त्यांवरील ध्वनिलहरींनी तळ दाखविणारे पडदे आणि डझनभर काठ्या यांचा हिशेब हजारो डॉलरांत होतो. दुसऱ्या टोकाला तळ्याच्या काठावर एक साधी काठी घेऊन उभा असलेला माणूस असतो. होडीवाल्यासमोर या माणसाला टिकाव धरायला लावणारी जी मोजकी साधने आहेत, त्यांत प्लॅस्टिकच्या गांडुळाचा क्रम बराच वरचा आहे. टेक्सास, जॉर्जिया, न्यू जर्सी या राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घराजवळच्या तळ्यांतही हा मासा आढळतो. राज्याचा परवाना काढून मुलांसह गळ टाकायला जाणाऱ्यांना पहिल्याच खरेदीत ही भिंत ओलांडावी लागते.

मासा गांडूळ का धरतो?

ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो लार्जमाउथ बॅस म्हणजे नावाप्रमाणेच मोठ्या जबड्याचा मासा. उत्तर अमेरिकेच्या मध्य व पूर्व भागातील हा मूळ रहिवासी पुढे जपानसह अनेक देशांत सोडण्यात आला. तो शिकारीचा लांबवर पाठलाग करण्यापेक्षा दबा धरून बसणे पसंत करतो. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या ओंडक्याखाली किंवा धक्क्याच्या सावलीत तो थांबतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड झटक्यात उघडतो. त्या झटक्याने पाण्यासकट भक्ष्य आत ओढले जाते. दातांनी तोडणे हे त्याचे काम नव्हे.

आत ओढलेली वस्तू खाण्याजोगी नाही असे वाटले, तर तो ती तितक्याच चपळाईने बाहेर टाकतो. लाकडाचे किंवा कडक प्लॅस्टिकचे आमिष त्याच्या तोंडात फार वेळ राहत नाही. मऊ गांडूळ मात्र जिवंत मांसासारखे दबते, त्यामुळे ते थुंकून टाकण्यापूर्वी मासा क्षणभर अधिक रेंगाळतो. गळ ओढणाऱ्याला मिळणारी संधी एवढीच. प्लॅस्टिकच्या गांडुळाची सारी किंमत या क्षणात आहे आणि त्याची सारी अडचणही येथेच आहे. कारण जो मऊपणा माशाला फसवतो, तोच गांडुळाला लवकर फाडतो.

ॲक्रनच्या स्वयंपाकघरातून

रबराची गांडुळे एकोणिसाव्या शतकातही होती, पण ती ताठ असत आणि पाण्यात काठीसारखी पडून राहत. आज विकल्या जाणाऱ्या मऊ गांडुळाचा जन्म ओहायो राज्यातील ॲक्रन या टायरनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात झाला. निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी १९४९ साली घरच्या शेगडीवर व्हायनिल, तेले आणि रंगद्रव्ये यांचे मिश्रण तापवून खऱ्या गांडुळावरून घेतलेल्या साच्यात ओतले. १९५१ पासून त्यांनी ही गांडुळे टपालाने विकण्यास प्रारंभ केला. भाव होता डॉलरला पाच.

महागाईचा हिशेब केला, तर १९५१ मधील एक डॉलर म्हणजे आजचे सुमारे बारा डॉलर. म्हणजे क्रीम दांपत्याचे एक गांडूळ आजच्या पैशांत जवळजवळ अडीच डॉलरला पडत होते. आज दुकानातील सर्वांत महाग मानले जाणारे गांडूळही बहुधा याच्या निम्म्या भावात मिळते. आमिषे परवडेनाशी झाली ही तक्रार अमेरिकी मासेमारांत नेहमी ऐकू येते. तिच्यामागे दरवाढीपेक्षा खरेदीची हाव अधिक आहे, असे या आकड्यांकडे पाहून वाटते.

पुढे क्रीम यांचा कारखाना टेक्सासमधील टायलर येथे गेला. त्याच राज्यात गांडूळ गळाला लावण्याची जी पद्धत रूढ झाली, तिला आजही टेक्सास रिग म्हणतात. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यातून आत घालून थोडे खाली बाहेर काढायचे, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचे. तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोरीवर, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे एक छोटे वजन मोकळे ओवायचे. टोक झाकलेले असल्याने आमिष दाट पाणवनस्पतींतून अडकल्याशिवाय सरकते. ज्या जागी मासा लपतो, त्या जागी आमिष पोचू लागले ते या युक्तीमुळे.

अलाबामातील यूफॉला येथील टॉम मान यांनी साठच्या दशकात गांडुळांना फळांचे वास दिले आणि जेली वर्म या नावाने ती विकली. स्ट्रॉबेरीच्या वासाच्या गांडुळावर १९७३ साली त्यांनी पकडलेला एक बॅस त्यांनी हौदात पाळला. त्याचे नाव लीरॉय ब्राऊन. हा मासा १९८० मध्ये मेला, तेव्हा त्याच्यासाठी दगडी स्मारकही उभारण्यात आले. आमिषांच्या व्यवसायात जाहिरातीचे महत्त्व किती, हे समजण्यास एवढी हकिगत पुरेशी आहे. वासाचा उपयोग किती, यावर वाद आहेत. मासा आमिष तोंडात घेतो तो मुख्यतः डोळ्यांच्या व पाण्यातील कंपनांच्या आधारे. वास आणि चव यांचा संबंध नंतरच्या क्षणाशी, म्हणजे ते तोंडात किती वेळ ठेवायचे याच्याशी येतो. नुसत्या वासासाठी दुप्पट पैसे मोजावेत, असे त्यात काही नाही.

पाकिटाचा भाव आणि माशाचा भाव

झूम या जॉर्जियातील कंपनीचे ट्रिक वर्म हे साडेसहा इंची सरळ गांडूळ वीसच्या पाकिटात येते. पाकीट पाच डॉलरच्या आसपास धरले, तर एक गांडूळ पंचवीस सेंटला पडते. याउलट गॅरी यामामोटो यांच्या कंपनीचे सेन्को हे पाच इंची गांडूळ दहाच्या पाकिटात येते आणि पाकीट आठ डॉलरच्या घरात असले, तर एकाची किंमत ऐंशी सेंट होते. फरक तिपटीहून अधिक. हा हिशेब कोणीही दुकानात उभ्याउभ्या करू शकतो आणि तो करावाच, कारण काही कंपन्या पाकिटाचा भाव तोच ठेवून आतील नग कमी करतात. पाकिटाच्या दर्शनी भागावरील मोठ्या अक्षरांपेक्षा कोपऱ्यातील नगसंख्या वाचणे अधिक फायद्याचे.

पण हिशेब येथे संपत नाही. सेन्को हे नाजूक आमिष आहे. एका माशानंतर, फार तर दोघांनंतर ते फाटते. कधी नुसत्या जोरदार फेकीनेच गळावरून सुटून उडते. ट्रिक वर्म त्या मानाने थोडे चिवट आहे. आणि तिसऱ्या प्रकारची, झी-मॅनसारख्या कंपन्यांची गांडुळे व्हायनिलऐवजी रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या वेगळ्या प्लॅस्टिकची असतात. ती ओढली तर कित्येक पट लांब होतात आणि सोडली की पूर्ववत होतात. असे एक गांडूळ दहा-पंधरा मासे सहज सोसते. एकाची किंमत सत्तर सेंट असली, तरी एका माशामागे खर्च पाच-सात सेंटच येतो. पंचवीस सेंटचे गांडूळ दोन माशांत संपले, तर तेथे हाच खर्च बारा-तेरा सेंट होतो. अर्थात हा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा गांडूळ माशाच्या तोंडी जाऊन फाटते. खडकाळ तळात किंवा बुडालेल्या झाडांत गळच अडकून तुटत असेल, तर चिवटपणाचा काही उपयोग नाही. अशा पाण्यात आमिष फाटण्याआधी हरवते आणि तेथे सर्वांत स्वस्त गांडूळ हेच शहाणपणाचे.

या किमतींत एक कर लपलेला असतो. अमेरिकेत मासेमारीच्या बहुतेक साहित्यावर उत्पादकाच्या विक्रीकिमतीवर दहा टक्के उत्पादन शुल्क आकारले जाते. १९५० च्या एका कायद्याने ही रक्कम राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाच्या कामासाठी राखून ठेवली आहे. गांडुळाचे पाकीट घेणारा गिऱ्हाईक नकळत तळ्यांच्या देखभालीलाही हातभार लावतो.

मीठ आणि पाण्याचा पेला

सेन्को इतके महाग आणि इतके नाजूक असूनही का खपते, हे समजले की निवडीतील बरेचसे कोडे सुटते. नव्वदच्या दशकात बाजारात आलेले हे गांडूळ दिसायला अत्यंत सामान्य आहे. दोन्हीकडे किंचित निमुळते झालेले लिहिण्याचे पेनच जणू. त्याला ना शेपटी, ना पाय, ना वळसे. मात्र त्याच्या प्लॅस्टिकमध्ये भरपूर मीठ मिसळलेले असते. मिठामुळे ते जड होते, आणि कोणतेही वजन न लावता पाण्यात सोडले की आडवे राहून, दोन्ही टोके हलकेच थरथरवत खाली जाते. काठीची काहीही करामत न करता, केवळ पडू देऊन मासे मिळवून देणारे आमिष नवशिक्यासाठी वरदान ठरले. हीच मिठाची पूड प्लॅस्टिकचा बंध मात्र कमजोर करते.

यशस्वी वस्तूची नक्कल होतेच. आज अशा सरळ, मीठभरल्या गांडुळांच्या डझनावारी नकला निम्म्या किमतीत मिळतात. त्यांतील काही उत्तम आहेत, काही निव्वळ प्लॅस्टिकच्या कांड्या. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी घरातील उंच काचेचा पेला किंवा पाण्याने भरलेली बादली पुरते. गांडूळ आडवे धरून पाण्यात सोडावे. ते तरंगत राहिले किंवा एक टोक खाली करून सुळकन गेले, तर त्यात मीठ कमी किंवा असमान आहे. ते आडवे राहून सावकाश गेले आणि टोके हलली, तर नक्कल मुळाच्या जवळ पोचली आहे. बोटांत मधोमध धरून हलके हलवले असता दोन्ही टोके लवलवली पाहिजेत. ताठ राहणारे गांडूळ कितीही स्वस्त असले, तरी ते माशाच्या तोंडात टिकणार नाही.

याउलट टेक्सास रिगला वजन लावलेलेच असते. तेथे गांडूळ स्वतःच्या भाराने कसे बुडते याला फारसे महत्त्व उरत नाही. म्हणून त्या पद्धतीसाठी मीठभरले महाग गांडूळ वापरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. आणि चिवट, ताणले जाणारे प्लॅस्टिक मूलतः तरंगते. ते वजनाशिवाय बुडायला तयार नसते, पण तळाशी वजनदार डोक्याच्या गळावर लावले की त्याची शेपटी वर उभी राहते, जणू एखादा छोटा जीव तळात तोंड खुपसून चरत आहे. कॅन्ससमधील नेड केडी यांच्या नावाने ओळखली जाणारी नेड रिग ही पद्धत याच गुणावर उभी आहे. पाच इंची गांडुळाचे दोन तुकडे करायचे आणि एकेक तुकडा मशरूमच्या आकाराच्या, दोन-तीन ग्रॅम वजनाच्या गळावर लावायचा. पाकीट एकदम दुप्पट होते. काटकसरीची याहून चांगली पद्धत बॅसच्या मासेमारीत क्वचितच सापडेल.

आकार किती हवेत?

गांडुळांच्या आकारांची नावे असंख्य असली, तरी तीन गट पुरतात. एक, सरळ शेपटीचे चार ते साडेसहा इंची गांडूळ. पाणी थंड असताना, मासा सुस्त असताना आणि ज्या तळ्यावर रोज गळ पडतात तेथे हे चालते. दोन, वर सांगितलेले मीठभरले सरळ गांडूळ, जे मधोमध गळ अडकवून टाकले की वॅकी रिग होते. तीन, फितीसारख्या लांब वळणदार शेपटीचे सात ते दहा इंची गांडूळ. उन्हाळ्यात, गढूळ पाण्यात आणि रात्री त्याच्या शेपटीने पाण्यात होणारी खळबळ माशाला दुरून जाणवते. बाकीचे प्रकार मौजेचे आहेत, गरजेचे नाहीत.

रंगांची भूल

पैसा सर्वांत अधिक वाया जातो तो रंगांवर. एकाच गांडुळाचे चाळीस-पन्नास रंग विक्रीला असतात आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र, मोहक नाव असते. आज मासे जांभळ्यावर येत आहेत, काल ते हिरव्यावर येत होते, अशा चर्चा काठाकाठाने चालतात आणि प्रत्येक चर्चेतून एक नवे पाकीट विकत घेतले जाते.

याबाबत इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१९ साली ‘करंट झूऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. लार्जमाउथ बॅसच्या डोळ्यात दोनच, एक हिरव्याला आणि दुसरी लाल रंगाला प्रतिसाद देणारी. संशोधकांनी माशांना विशिष्ट रंगाकडे गेल्यास खाऊ मिळेल असे शिकवले. लाल आणि हिरवा ओळखण्यात मासे पटाईत निघाले. मात्र पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्यांची गल्लत झाली आणि निळा व काळा यांतही. दुकानातील काळ्या व काळ्या-निळ्या गांडुळांच्या दोन पाकिटांमध्ये गिऱ्हाइकाला जो फरक दिसतो, तो माशाला बहुधा दिसतच नाही.

खोलीचाही विचार करावा लागतो. सूर्यप्रकाशातील लाल छटा पाण्यात सर्वांत आधी शोषली जाते. काही मीटर खाली लाल गांडूळ काळपट दिसू लागते. गढूळ पाण्यात तर रंगापेक्षा गडद आकृती उठून दिसणे महत्त्वाचे. म्हणून दोन रंग पुरेसे ठरतात. स्वच्छ पाण्यासाठी मातकट हिरवा, ज्याला दुकानात ग्रीन पम्पकिन म्हणतात, आणि गढूळ पाण्यासाठी किंवा संध्याकाळनंतरसाठी काळा किंवा गडद जांभळा. हे दोन्ही रंग जवळपास प्रत्येक कंपनीकडे असतात, मोठ्या पाकिटांत आणि सवलतीतही मिळतात. सवलतीच्या टोपलीत पडलेले चित्रविचित्र रंग मात्र स्वस्त दिसले, तरी बहुतेकदा घरी पडून राहतात.

अनेक आमिषांचा शंभर-दीडशे नगांचा एकत्रित डबा हा असाच दुसरा मोह. वीस-पंचवीस डॉलरमध्ये एवढे साहित्य पाहून नवखा हरखतो. पण त्यातील गांडुळे ताठ, गळ बोथट आणि प्रत्येक प्रकाराचे नग दोन-तीनच असतात. त्यामुळे कोणते आमिष चालते हे कळण्याइतकेही ते पुरत नाहीत. एकाच गांडुळाचे एकाच रंगातील पन्नास किंवा शंभर नग घेतलेले केव्हाही बरे. हिवाळ्यात उत्तरेकडील तळी गोठतात तेव्हा दुकाने शिल्लक माल कमी दराने काढतात. बंद पाकिटातील गांडूळ वर्षानुवर्षे टिकते, म्हणून जुना माल घेण्यात धोका नसतो.

गळात काटकसर नको

गांडूळ स्वस्त चालते, गळ चालत नाही. टेक्सास रिगमध्ये टोकाला आधी गांडुळाचे अंग भेदून बाहेर यावे लागते आणि मग माशाचा जाड ओठ. बोथट किंवा वाकणारा गळ येथे दगा देतो. सहा-सात इंची गांडुळाला तीन-शून्य क्रमांकाचा, तर दहा इंचीला पाच-शून्य क्रमांकाचा वाकड्या मानेचा गळ लागतो. पाच-सहा चांगल्या गळांचे पाकीट एका गांडुळाच्या पाकिटाइतक्या किमतीत येते आणि नीट वापरल्यास सारा हंगाम पुरते.

वजनाच्या बाबतीत साडेतीन व सात ग्रॅमची दोन मापे पुरतात. शिसे सर्वांत स्वस्त, पण न्यू हॅम्पशायर, मेन, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांत शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे. लून नावाचे पाणपक्षी तळातील वाळूखड्यांबरोबर ही वजने गिळतात आणि विषबाधेने मरतात. टंगस्टन शिशापेक्षा सुमारे १.७ पट घन असल्याने त्याचे वजन आकाराने लहान असते आणि तळाचा स्पर्श हातापर्यंत अधिक स्पष्ट पोचवते, पण त्याला दाम कित्येक पट मोजावे लागते. पितळ किंवा पोलाद हा मधला मार्ग आहे.

पाकीट घरी आल्यावर

खरी बचत विकत घेतल्यानंतर सुरू होते. वॅकी रिगमध्ये गळ गांडुळाच्या मधोमध थेट टोचला, तर एकदोन माशांत तेथे चीर जाते. त्याऐवजी गांडुळावर एक छोटे रबरी कडे, म्हणजे नळदुरुस्तीच्या दुकानात मिळणारा ओ-रिंग, चढवून गळ त्या कड्याखाली अडकवला की तेच गांडूळ कितीतरी अधिक टिकते. शेकड्याने मिळणाऱ्या या कड्यांची किंमत नगण्य असते. डोके फाटलेले लांब गांडूळ अर्धा इंच कापून पुन्हा लावता येते. ते आणखी आखूड झाले की नेड रिगसाठी राखून ठेवता येते. चीर गेलेल्या व्हायनिलच्या कडा काडीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरून एकमेकींना टेकवल्या की सांधल्या जातात. यासाठी खास डिंकही मिळतो. पाकिटात वाकडे झालेले गांडूळ गरम पाण्यात बुडवून सपाट जागी ठेवले की सरळ होते; वाकडे गांडूळ पाण्यात गोल गोल फिरते आणि तंगूस पिळून टाकते, म्हणून हा उपाय आळस न करता करावा.

साठवणुकीत दोन चुका महागात पडतात. वेगवेगळ्या रंगांची गांडुळे एकत्र ठेवली, तर गडद रंग फिक्यात उतरतो. दुसरी चूक अधिक गंभीर. ताणले जाणारे चिवट प्लॅस्टिक आणि नेहमीचे व्हायनिल एकमेकांना लागून राहिले, तर दोन्ही विरघळून चिकट गोळा होतो. नेहमीच्या व्हायनिल गांडुळांमुळे काही प्रकारचे प्लॅस्टिकचे डबेही नरम पडतात. प्रत्येक प्रकार त्याच्या मूळ पाकिटात ठेवणे, हा सर्वांत साधा आणि फुकटचा बंदोबस्त.

फाटलेली गांडुळे साठवून, वितळवून नवी ओतणारे हौशी लोकही आहेत. द्रवरूप प्लॅस्टिक आणि साचे यांसाठी लागणारा प्रारंभीचा खर्च पाहता, वर्षाला काही शे गांडुळे वापरणाऱ्यालाच हे परवडते. व्हायनिल सुमारे १७५ अंश सेल्सियसला ओतण्याजोगे होते. त्याहून फार तापवले तर ते करपते आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. साच्यात पाण्याचा एखादा थेंब असला, तरी उकळते प्लॅस्टिक अंगावर उडू शकते. स्वयंपाकाची भांडी व मायक्रोवेव्ह या कामाला कधीही वापरू नयेत. हे काम मोकळ्या हवेत, चष्मा व हातमोजे घालून करायचे असते. सदनिकेच्या बंद स्वयंपाकघरात नव्हे. क्रीम दांपत्याने ते शेगडीवर केले, पण तेव्हा या वाफांबद्दल आजच्याइतकी जाणीव नव्हती.

तळ्यात उरणारी गांडुळे

स्वस्ताईची एक किंमत मासेमाराच्या खिशातून जात नाही. पंचवीस सेंटचे फाटके गांडूळ पाण्यात भिरकावणे सोपे असते आणि ते व्हायनिल कुजत नाही. अशी टाकून दिलेली किंवा गळावरून निसटलेली गांडुळे मासे गिळतात. ब्रूक ट्राउट या माशांवर प्रयोगशाळेत केलेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की मासे ही प्लॅस्टिके आपण होऊन गिळतात आणि ती पोटात राहिलेल्या माशांचे वजन घटते. पाण्यात पडून राहिलेले प्लॅस्टिक हळूहळू फुगतही जाते, त्यामुळे पोटात गेलेला तुकडा बाहेर पडणे आणखी कठीण होते.

मेन राज्याच्या कायदेमंडळापुढे २०१३ साली अशा मऊ आमिषांवर बंदी घालण्याचे विधेयक आले होते. बॅसच्या मासेमारांनी जोरदार विरोध केल्यानंतर बंदी टळली आणि राज्याच्या मत्स्य खात्याला या प्रश्नाचा अभ्यास करण्यास सांगण्यात आले. निसर्गात विघटन होणाऱ्या पदार्थांची आमिषे बाजारात आहेत. बर्कली कंपनीची गल्प ही त्यांतील प्रसिद्ध. ती पाण्याच्या आधारावर बनलेली असल्याने माशाला त्यांचा वास चांगला लागतो, पण उघडी राहिली की काही तासांत वाळून गळावर लाकडासारखी घट्ट बसतात आणि किंमतही अधिक असते. त्यामुळे काठावरचा मासेमार आजही व्हायनिलच घेतो.

काही मासेमारी मंडळे स्पर्धांच्या ठिकाणी फाटक्या गांडुळांसाठी डबे ठेवतात आणि जमलेले प्लॅस्टिक वितळवून पुन्हा वापरण्यासाठी देतात. असा डबा जेथे नाही, तेथे रिकाम्या पाकिटाचाच उपयोग होतो. फाटलेले प्रत्येक गांडूळ त्यात टाकून पाकिटाची चिमटपट्टी बंद करायची आणि ते घरच्या कचऱ्यात टाकायचे. चिवट प्लॅस्टिकचे तुकडे या पाकिटात मिसळले, तर गाडीच्या उन्हात तापून सारा लगदा होतो; त्यांच्यासाठी वेगळी पिशवी ठेवावी लागते.